चकवो

गेल्या पौषात गावच्या जत्रेला गेलो होतो. दशावतारी नाटक रंगात आलं होतं. काळ्या झग्यातला संकासूर मालवणीतून सगळ्यांची टर उडवून शेवटी विष्णूच्या हातून मरूनही गेला होता, आणि आता राजाराणीचं आख्यान सुरू झालं होतं. पण दिवसभर एसटीत बसून अंग आंबलेलं. दोनच्या सुमाराला उठलो आणि सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरून, घराकडे निघालो. देवळापासून आमचं घर सड्यावरून वीस मिनिटं. ही वाट मी शाळेत जायच्या आधीपासून चालतोय. फोन मेलेला होता, पण त्याचं काही वाटलं नाही. या वाटेला बॅटरी कसली लागते? काळा कातळ, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, आणि पलीकडे उतरणीला आमच्या माडांचे शेंडे. दहा मिनिटं चाललो तेव्हा एक पडका गडगा लागला. त्याच्या दगडांत खताची एक पांढरी गोणी अडकून फडफडत होती. हा गडगा वाटेत असतो का, असा विचार मनात आला आणि गेला. पुढे चालत राहिलो. बऱ्याच वेळानं पुन्हा गडगा, पुन्हा गोणी. मग मी मुद्दाम उजवीकडे धरलं. पेटीचा आवाज आतापर्यंत पाठीमागून येत होता तो डावीकडून यायला लागला, मग समोरून, आणि मृदंग मात्र दुसरीकडूनच वाजतोय असं वाटायला लागलं. तिसऱ्यांदा गोणी दिसली तेव्हा मी तिला हात लावून पाहिला. दवानं भिजलेली, गार. भीती वाटली असं म्हणणार नाही. आधी चीड आली, मग घाम आला, आणि मग एक विचित्रच लाज वाटायला लागली, जणू कोणीतरी बघतंय आणि हसतंय.

घरी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. पडवीत दिवा होता. काकी भिंतीला टेकून बसलेली, अंगाभोवती जुनं लुगडं गुंडाळून. माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं टोचलेली, एका हाताला ओरखडा. तिनं खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं.

“चकवो लागलो काय रे?”

मी मान हलवली. ती आत गेली, तांब्याभर पाणी आणलं. “बस. पाणी पी आदी.” मी प्यायलो. “झोप आता.” दिवा मालवला आणि ती झोपायला गेली.

एवढंच. सकाळी नाही, दुपारी नाही, मी निघेपर्यंत त्यावर एक अक्षर नाही.

पुण्याला आल्यावर हीच गोष्ट मी तीन ठिकाणी सांगितली. ऑफिसात पहिला प्रश्न आला, “किती झाली होती?” सोसायटीतल्या एकांनी शुगर तपासून घ्या म्हणून सांगितलं. आणि मुलानं माझ्या मनगटावरच्या पट्ट्यातले आकडे काढून दाखवले: दोन ते चारच्या मध्ये अकरा हजार पावलं. “बाबा, एवढ्यात तुम्ही पुढच्या गावात जाऊन परत आला असता!” सगळे आपापल्या परीनं बरोबर होते. तरी मला आतून काहीतरी टोचत राहिलं, आणि ते रस्ता चुकण्याबद्दल नव्हतं. सगळ्यांनी मला काही ना काही विचारलं होतं. काकीनंही विचारलं होतं, पण तिच्या प्रश्नात उत्तर आधीच घालून दिलेलं होतं. मला नुसती मान हलवायची होती.

आमच्याकडच्या भुताखेतांना चेहरेमोहरे असतात. मुंजा पिंपळावर, गिरो पाण्यात, हडळीचे पाय उलटे, खवीस म्हणजे अंगापिंडानं दांडगा. रंगात आलेला सांगणारा त्यांचे दातसुद्धा मोजून दाखवील. चकव्याला मात्र काहीच नाही. तो दिसत नाही, बोलत नाही, धरत नाही, झाडावर राहत नाही. तो फक्त लागतो. ऊन लागतं, ठेच लागते, तहान लागते, दृष्ट लागते, वेड लागतं, तसाच चकवा लागतो. मराठीत ज्या गोष्टी ‘लागतात’ त्यांत लागणाऱ्या माणसाचा दोष कधी धरत नाहीत, हे माझ्या पन्नाशीत लक्षात आलं. “मी रस्ता चुकलो” या वाक्यात चूक माझी. “चकवा लागला” यात मी नुसता जाग्यावर सापडलेला.

आजोबांना तो तीनदा लागला होता, असं ते सांगायचे. तिन्ही वेळा सड्यावर. त्यांचा उपाय ठरलेला: “चकवो लागलो की बस खाली. इडी पेटय. उजाडला की वाट आपसूक गावता.” चालायचं नाही, हा त्यातला मुख्य भाग. विडी कशाला, तर भुताला विस्तव सोसत नाही म्हणून. लहानपणी मी ते खरं मानलं, कॉलेजात गेल्यावर हसलो, आणि त्या रात्री गोणीला हात लावून उभा होतो तेव्हा माझ्याकडे ना विडी होती ना काडेपेटी. बसावंसं वाटत होतं, पण बसायला काही निमित्त नव्हतं. रिकाम्या सड्यावर, रात्री तीन वाजता, बसून करायचं काय?

मग महिनाभर रात्री जेवण झालं की मी हेच वाचत बसायचो. एकट्या आमच्या सड्यावर हा प्रकार नसणार एवढं माहीत होतं, पण तो इतका सगळीकडे असेल असं वाटलं नव्हतं. रशियातल्या जंगलात लेशी म्हणून एक आहे. रानाचा धनी. झाडांमध्ये चालतो तेव्हा झाडाएवढा, गवतात चालतो तेव्हा गवताच्या पात्याएवढा. सावली पडत नाही. लाकडं तोडायला, कवकं वेचायला आलेल्यांना तो गोल गोल फिरवतो आणि ते दमले की टाळ्या पिटून हसतो. (ते हसणं वाचलं तेव्हा मला माझी सड्यावरची लाज आठवली. कोणीतरी हसतंय असं मला उगाच नव्हतं वाटलं तर.) त्याच्यावरचा उपाय असा, की खाली बसावं, अंगावरचे कपडे काढून उलटे घालावेत, डाव्या पायातलं उजव्यात आणि उजव्यातलं डाव्यात चढवावं. का, तर लेशी स्वतःच तसा असतो. त्याच्या अंगरख्याची पाती भलत्या बाजूनं आलेली, पायताणं उलटसुलट. त्याच्या राज्यात शिरलात, तर बाहेर पडायलाही त्याच्याच रीतीनं वागा.

ही उलट्या कपड्यांची गोष्ट मी सहज म्हणून मनिलाच्या एका सहकाऱ्याला सांगितली. दर गुरुवारी आमचं कामाचं बोलणं असतं, त्यातली शेवटची पाच मिनिटं हवापाण्याची असतात. तो खो खो हसला. म्हणाला, आमच्याकडे टिकबालांग. घोड्याचं तोंड, माणसाचं धड, आणि हातपाय इतके लांब की उकिडवा बसला तर गुडघे डोक्याच्या वर. डोंगरातल्या वाटसरूंना भुलवतो, कितीही चाला, पुन्हा त्याच झाडाशी. आणि उपाय? शर्ट काढून उलटा घालायचा. त्याची आजी रानातून जाताना ‘ताबी-ताबी पो’ पुटपुटायची, म्हणजे ‘जरा बाजूला व्हा हं’. मी गप्प झालो. माझी आजी रात्री मागच्या दारी कढत पाणी ओतताना अंधाराला उद्देशून म्हणायची, “बाजूक व्हया रे बाबांनू.” त्याच सुरात.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये, पिक्सी नावाची टीचभर माणसं हेच करतात, आणि तिथंही कोट उलटा घालतात. आयर्लंडात तर कोणी प्राणीच लागत नाही. शेतात गवताचं एखादं ढेकूळ भारलेलं असतं, त्यावर पाय पडला की माणूस आपल्याच शेतात रात्रभर कुंपणाचं फाटक शोधत फिरतो. उपाय तोच, कोट उलटा. आपल्या शेजारी छत्तीसगडच्या रानात भूलनकांदा म्हणून वनस्पती सांगतात. तिच्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो, आणि दुसऱ्या कोणी येऊन हात लावेपर्यंत भानावर येत नाही. हा हात लावण्याचा उपाय मला सगळ्यांत आवडला. आणि सगळ्यांत अवघडही तोच वाटला, कारण त्याला दुसरं माणूस लागतं.

एका रात्री जपानी कोल्ह्यांपाशी पोचलो. तिकडे कोल्हा माणसाला फसवतो. वाट फिरवतो, नसलेलं घर दाखवतो, नसलेली बाई दाखवतो. त्यावर एक उपाय म्हणजे भुवयांना थुंकी लावणे. आजही जपानीत एखादी थाप पचवायला जड गेली तर ‘भुवयांची थुंकी’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. आणि दुसरा उपाय वाचून मी खुर्चीत सरळ झालो. खाली बसावं आणि शांतपणे तंबाखू ओढावी. धुरानं कोल्ह्याची माया फिटते. म्हणजे आमचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात मुंबईपलीकडे काही पाहिलं नव्हतं, ते आणि जपानमधला कोणी डोंगरी शेतकरी, अंधारात एकाच तऱ्हेनं उकिडवे बसून एकाच तऱ्हेनं काडी ओढत होते. मी त्या रात्री झोपलो नाही. कोल्हा खरा की खोटा याचा विचार नव्हता. विडी संपायला किती वेळ लागतो, याचा होता. चारपाच मिनिटं. कपडे उतरवून उलटे घालायला, पायताणं बदलायलाही तेवढीच. जगभरच्या आज्या-आजोबांनी पाच मिनिटं थांबायचे इतके बहाणे शोधून ठेवले होते, आणि नुसतं ‘थांब’ कोणीच म्हणालं नव्हतं. रान वैऱ्यासारखं वाटत असताना नुसतं थांबवत नाही. हाताला काहीतरी काम लागतं.

ब्राझीलच्या कुरुपिराबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण तो आपल्या हडळीचा लांबचा भाऊ असावा. आंशिएता नावाच्या जेझुइट पाद्र्यानं 1560 च्या एका पत्रात त्याचा उल्लेख केला आहे, आणि तिथले आदिवासी त्याला पिसं, बाण वगैरे वाटेवर ठेवून जात. लोक सांगतात तो असा: बुटका, केस लालभडक, आणि पावलं मागे वळलेली. शिकारी त्याचा माग काढत निघाला की नेमका उलट्या दिशेला जातो आणि रानात हरवतो. आमच्याकडे पाय उलटे म्हटलं की ती ओळख पटवायची खूण: बाई देखणी असली तरी पायांकडे बघ. तिकडे ते शस्त्र आहे. त्याच्यापासून सुटायचं तर वेलीचा एक गुंता वळायचा, टोक आत लपवायचं, आणि वाटेत टाकून पुढे निघायचं. कुरुपिरा भारी चौकस. गुंता सोडवल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. आपल्या गोष्टीत सतत काम मागणाऱ्या भुताला कुत्र्याचं शेपूट सरळ करायला बसवतात, त्यातलाच प्रकार. हा एकच राक्षस असा, जो मला मनापासून आवडला. मीही गुंता दिसला की बसतो.

आणि शास्त्र काय म्हणतं, तेही वाचलं, नाहीतर मुलानं मला सोडलं नसतं. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही जणांना बीनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, नाकासमोर सरळ चालत राहा. चौघांच्या वेळी आभाळ होतं. ते चौघेही गोल फिरले, आणि त्यांतल्या तिघांनी तर आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, त्यांच्या ध्यानीमनीही नसताना. ज्यांना ऊन मिळालं ते सरळ गेले. ट्युनिशियाच्या वाळवंटात एक जण पौर्णिमेच्या रात्री चालत होता. चंद्र ढगाआड जाईपर्यंत नीट गेला, मग वळत वळत जिकडून आला तिकडेच तोंड करून चालू लागला. डोळे बांधले तर माणसं कधी कधी अवघ्या 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरतात. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हा जुना समज त्यांना टिकलेला दिसला नाही. आपल्याला ‘समोर’ कुठे आहे याची आतून जी जाणीव असते ती पावलागणिक केसभर हलते, आणि बाहेर सूर्य, चंद्र, डोंगर असं काही धरायला नसलं की ते केसभर साठत साठत पूर्ण फेरा होतो. मुलगा म्हणाला, “बघा, चकवा म्हणजे एवढंच.” मी हो म्हटलं. माझी गोणी, माझा गडगा, सगळं त्यात बसत होतं. त्या रात्री चंद्रही नव्हता.

बसत नव्हती ती फक्त काकी.

कारण चकवा गावात कसा वापरला जातो हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, आणि ते कुठल्या संशोधकाच्या नकाशावर उमटणार नाही. आमच्या वाडीत एक म्हातारे होते, त्यांना दर शनिवारी चकवा लागायचा. शनिवार हा बाजाराचा दिवस. बाजाराच्या गावी कोणाकडे त्यांचं जाणंयेणं होतं हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं, त्यांच्या बायकोलाही. रविवारी सकाळी ते आले की ती बाई गंभीर तोंडानं त्यांच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकायची. आम्ही पोरं गडग्याआड तोंड दाबून हसायचो. तिला हसू यायचं की नाही कोण जाणे. मिरच्या मात्र ती जरा जास्तच घ्यायची आणि चुलीत टाकायची, एवढं आठवतं. घरभर ठसका.

आणि दुसरी गोष्ट 1984 सालची. मी नऊ वर्षांचा. धाकटा काका मुंबईला गिरणीत होता. 1982 च्या जानेवारीत संप झाला, काही महिन्यांत मनिऑर्डरी थांबल्या, आणि वर्षभरानं काका पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. घरी आला तो पडवीत बसला. संध्याकाळ झाली की उठायचा, रात्री यायचा तेव्हा आम्हां मुलांना माजघरात पाठवून दार ओढून घेत. दाराला फट होती, पण आजी दाराला पाठ लावून बसायची. आवाज यायचे. एका पहाटे जाग आली तर अंगणात माणसं. शेजारच्या गावच्या शिवेवर, व्हाळाच्या काठी, एक बाई बसलेली सापडली होती आणि दोघे तिला घेऊन आले होते. पायांत काही नाही, पावलं करवंदीच्या काट्यांनी फाटलेली. काखेत गाठोडं. आजी पायरी उतरून पुढे झाली, ते गाठोडं तिनं आधी काढून घेतलं आणि पदराखाली केलं, आणि मग मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली, “तिका चकवो लागललो. कोणी काय एक इचारूचा नाय.”

कोणी विचारलं नाही. माणसं चहा पिऊन गेली. दुपारी आजीनं तुळशीपुढे गाऱ्हाणं घातलं आणि आरवलीच्या वेतोबाला वहाणा बोलली. आरवलीचा वेतोबा रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो, म्हणून लोक त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि त्या झिजतात. रात्री भरकटलेल्याला तोच घरी आणून सोडतो, असा त्याचा लौकिक. त्या वर्षी आम्ही बैलगाडीनं आणि मग एसटीनं आरवलीला गेलो. देवळात वहाणांची रांग लागलेली होती, माझ्या हाताएवढा एकेक तळ. आजीनं नवी जोडी ठेवली. चामड्याचा करकरीत वास अजून नाकात आहे. शेजारी काकी उभी होती, अनवाणी, पावलांवरच्या खपल्या अजून सुटल्या नव्हत्या. तेव्हा गावात बाईमाणसाच्या पायात काही नसायचंच, त्यामुळे ते मला विचित्र वाटलं नाही. आता वाटतं.

गाठोड्यात काय होतं ते मी पाहिलं होतं. आजीनं ते कोठीच्या खोलीत ठेवलं, आणि मी नऊ वर्षांचा होतो, सगळीकडे डोकं घालायचो. दोन लुगडी, एक झबलं, आणि कागदात बांधलेलं थोडं गूळखोबरं. झबलं तिच्या पोराचं, ते तेव्हा दीड वर्षाचं होतं. व्हाळापाशी ते तिच्याजवळ नव्हतं. म्हणजे झबलं घेतलं, पोर नाही घेतलं. की घेतलं होतं, उंबऱ्याशी परत ठेवलं? चकवा लागलेली बाई गूळखोबरं बांधून घेत नाही, एवढं मला त्या वयातही कळलं. आणि आपण हे कोणाला बोलायचं नाही, हेही कळलं. व्हाळ ओलांडला की तिच्या माहेरची वाट. तिथपर्यंत ती अंधारात बरोबर पोचली होती. तिचं ‘समोर’ केसभरही हललं नव्हतं. ती तिथं बसून राहिली एवढंच. पुढे जायलाही आणि मागे यायलाही कोणीतरी हात लावायला हवा होता.

आजीबद्दल माझं अजून ठरत नाही. त्या एका वाक्यानं तिनं सुनेला पुन्हा घरात घेतलं, कुठलाही डाग न लावता. त्या काळी त्या गावात दुसरी एखादी सासू असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. पण त्याच वाक्यानं तिनं आपल्या मुलालाही झाकलं. पडवीत बसलेल्या माणसाला त्या दिवशी कोणी जाब विचारला नाही, कारण विचारण्यासारखं काही घडलंच नव्हतं. चकवा लागला होता. काका पुढे अकरा वर्षं जगला. दाराला पाठ लावून आजी त्यांतली सात वर्षं बसली. कधी वाटतं, ती आजी जगातली सगळ्यांत शहाणी बाई होती. कधी वाटतं, लेशी टाळ्या पिटतो तसं त्या अंगणात कोणीतरी हसलं असणार.

तर अशा काकीनं मला त्या रात्री विचारलं, “चकवो लागलो काय रे?”

आणि माझ्या बॅगेत एक कागद होता. मुंबईच्या चुलतभावांनी पाठवलेला. सड्याचं गिऱ्हाईक आलं आहे, भाव बरा आहे, सातबाऱ्यावर काकीचंही नाव आहे, तेव्हा जत्रेला जातोच आहेस तर तिची सही घेऊन ये. तू सांगितलंस तर ती नाही म्हणणार नाही. हे शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून त्याचंच ओझं होतं. गावात आल्यापासून मी कागद काढला नव्हता. उद्या सकाळी काढायचा, निघायच्या आधी, असं ठरवून मी नाटकाला गेलो होतो, नाटकातून उठलो होतो, आणि त्याच सड्यावर, जो विकायचा होता, घराच्या दिशेनं चालायला लागलो होतो. अकरा हजार पावलं. संशोधक म्हणतात तो केसभर कशानं हलतो, वाऱ्यानं, दगडानं की आणखी कशानं, हे त्यांना विचारायला हवं.

काकीला कागदाचं माहीत होतं का? चुलतभावांतला एक तिचाच मुलगा. झबल्यातला.

सकाळी मी कागद काढला नाही. तिनं घावणे केले, रस काढला, पिशवीत सोलं आणि कुळथाचं पीठ भरलं. मी एसटीनं परतलो आणि भावांना सांगितलं, या वेळी जमलं नाही. कसं काय जमलं नाही? मी म्हटलं, तब्येत जरा बरी नव्हती. मालवणी माणसाला मराठीतून खोटं बोलायला लागलं की समजावं, पुण्यात फार वर्षं झाली.

यंदा पुन्हा जत्रेला गेलो. कागद तोच, आता घडीवर फाटायला आलेला, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. संध्याकाळी काकी मागच्या दारी पातेरा गोळा करत होती. मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “काकी, तेव्हा, चौऱ्याऐंशी साली... तू व्हाळापाशी...” पुढचे शब्द मला सापडेनात. ती वाकलेलीच राहिली. माडाचं एक झावळ ओढून तिनं ढिगावर टाकलं, हात झटकले.

“चकवो लागललो,” ती म्हणाली. आणि मग, मान वर न करता, “तुका कसो लागललो, तसो.”

रात्री देवळात जायला निघालो. बॅटरी घेतली, फोन भरून घेतला. पडवीत चपला घालत होतो तर ती आतून आली. माझ्या शर्टाच्या खिशात तिनं काहीतरी सरकवलं आणि वरून दोनदा थोपटलं. हात घालून पाहिलं तर विड्यांचा अर्धा कट्टा आणि काडेपेटी.

“तू इडी वडणंस नाय, माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “तरी ऱ्हवांदे.”